शेवयांचा हात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्या आधी धुळ्याच्या विमलअक्काचं नाव घेतो. आईला त्याचं वाईट वाटत नाही. ती स्वतःच म्हणते, "तुले जलम मी दिन्हा, पन मानूस अक्कानी कया." अक्का आईच्या माहेरची. नातं शोधायला गेलं तर लांबचं, इतकं लांबचं की आम्ही कधी शोधलंच नाही. ती गेली त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी तिच्याविषयी चार-पाच वेळा लिहायला बसलो आणि उठलो. कारण लिहायचं म्हटलं की तिच्या हाताविषयी लिहावं लागतं.

वैशाखातली सकाळ होती. मी जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका पाइपच्या कारखान्यात कामाला आहे. पहिल्या पाळीत पाइपांचे नमुने तपासत असताना नानांचा फोन आला. नाना म्हणजे अक्काचे यजमान. फोनवर ते कधीच दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत. "अक्काले दवाखानामा आनेल शे. तू ये," एवढंच बोलले. मी होतो तसा बसस्टँडवर गेलो. एरंडोल गेलं, पारोळा आलं, आणि पारोळ्याला गाडी उभी असताना पुन्हा फोन वाजला. नाना म्हणाले, "सावकाश ये आते..." शेजारच्या माणसानं मला खिडकीकडची जागा दिली, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर कागद भरत होते. माझ्याच वयाचे असतील. त्यांनी नानांना विचारलं, "यांचा डावा हात दुखायचा का? काम करताना, चढ चढताना?" नाना म्हणाले, "ती शेवया करायची साहेब. शेवया करनारीचा हात दुखतोच." डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "किती दिवसांपासून?" नानांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "तीन उन्हाळे झाले." डॉक्टर काही बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. त्यांनी मान खाली घातली आणि पुढचा रकाना भरायला घेतला.

मी पिंपळनेरजवळच्या एका लहान गावातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बारावीला चांगले गुण पडले, धुळ्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला नाव लागलं, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. वडील म्हणाले, राहू दे, इथेच काहीतरी बघ. ही गोष्ट अक्काच्या कानावर गेली आणि ती एक दिवस साक्रीची गाडी पकडून, पुढे मिळेल त्या वाहनानं आमच्या दारात येऊन उभी राहिली. पाणीसुद्धा न पिता वडिलांना म्हणाली, "भाऊ, यानं पोट मी देखसू. तू याले फक्त शिकू दे." वडील म्हणाले, "अक्का, तीन वर्षं शेतस." ती म्हणाली, "तीन नही तं तीस. तुनं काय जास?" आणि मग पाणी मागितलं.

अक्काच्या स्वयंपाकघरामागे एक खोली होती. तिथे धान्याच्या कोठ्या, शेवयांचं यंत्र आणि मी, असे तिघं राहायचो. यंत्र बिडाचं, जुनं, एका जाड फळीला आवळलेलं. वरून कणकेचा गोळा डाव्या हातानं दाबायचा, उजव्या हातानं दांडा फिरवायचा, समोरच्या चकतीतून शेवया येत. फाल्गुन लागला की गल्लीतल्या बायका ओलवलेल्या गव्हाचा बारीक रवा दळून आणायच्या आणि अक्का त्यांना शेवया करून द्यायची. मी शेवया काठीवर घेऊन उन्हात टाकायचो. पहिल्या दिवशी माझ्या निम्म्या शेवया जमिनीवर गेल्या. "सायन्सना पोऱ्या शे," अक्का बायकांना म्हणाली, "त्याले वाटनं खाले पडतस का वर जातस ते देखू." बायका दिवसभर हसत होत्या.

नूडल्सचं सुरू झालं ते माझ्यामुळे. कॉलेजातली मुलं संध्याकाळी पाकिटातल्या नूडल्स करून खायची आणि मीही त्यांच्या नादानं दोन-चार पाकिटं आणून कोठीमागे लपवली होती. लपवली अशासाठी, की अक्काच्या घरी राहून बाहेरचं खातो याची लाज वाटायची. अक्काला रिकामी पाकिटं सापडली. ती रागावली नाही. पाकीट माझ्यासमोर धरून म्हणाली, "हाई मसालानी पुडीमा काय शे रे? वाच." पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं मी मराठीत करून वाचू लागलो. मीठ, हळद, धने, मिरची, सुंठ, जिरं, कांद्याची भुकटी... ती मध्येच म्हणाली, "थांब. हाई तं बठ्ठं मन्हा डबामा शे!" पुढची रसायनांची नावं मी वाचली तेव्हा मात्र तिनं हात झटकला. "ते ऱ्हाऊ दे. त्यानाबिगर चालस."

पहिल्या खेपेला पातेल्यात नुसता लगदा झाला. नानांनी तो चमच्यानं खाल्ला आणि म्हणाले, "खीर चांगली झाली." दुसऱ्या खेपेला अक्कानं यंत्राला जाड चकती लावली, शेवया चाळणीत ठेवून वाफवल्या, मग सावलीत वाळवल्या. त्या मोकळ्या झाल्या. तिसऱ्या खेपेला तिनं ओल्या असतानाच बोटांवर गुंडाळून त्यांची लहान लहान घरटी केली आणि वर घरचा काळा मसाला, सुंठ आणि आमचूर मिसळून पुड्या बांधल्या. त्या आठवड्यात गल्लीतल्या पोरांनी अक्काचं दार सोडलं नाही. पाकिटापेक्षा स्वस्त आणि घरच्या गव्हाच्या, म्हणून आयाही खूश. शेजारची मंगलाताई चिडवायची, "अक्का, पाकिटावर दोन मिनिटं लिहितात. तुमच्या नूडल्सला दोन दिवस लागतात!" अक्का म्हणायची, "दोन मिनिटमा व्हस ते पोटमा बी दोनच मिनिट ऱ्हास." पुढे पुढे शाळेच्या डब्यासाठी म्हणून आयाच रवा आणून द्यायला लागल्या. शेवया उन्हाळ्यात एकदाच होत, पण नूडल्स पाऊस सोडून वर्षभर सुरू झाल्या. यंत्राला पूर्वी आठ महिने विश्रांती असायची, आणि अक्कालाही. ती विश्रांती गेली. तेव्हा यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. मला तर अभिमानच वाटायचा.

आमच्या गल्लीत 'शेवयांचा हात' असा एक शब्दच आहे. फाल्गुनापासून बायकांचे हात दुखायला लागतात, खांद्यापासून मनगटापर्यंत. सर्दीपडशाबद्दल बोलावं तसं बायका एकमेकींना विचारतात, "तुना हात उना का?" कुणी म्हणते, "मना कालदिन उना." मग गरम मिठाची पुरचुंडी, तिळाचं तेल, आणि पहिला पाऊस पडला की हात आपोआप जातो. हात आला म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही. गेली तर बायका हसतील.

मी पदवीधर झालो, जळगावला नोकरी लागली, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्काला पहिल्यांदा 'हात आला'. मी रजेवर गेलो होतो. चक्कीवरून रव्याचा डबा घेऊन ती येत होती. गल्लीच्या तोंडाशी थोडा चढ आहे. तिथे ती थांबली, डबा खाली ठेवला आणि डाव्या हातानं पदर गच्च धरून उभी राहिली. मी धावत गेलो. तिच्या कपाळावर घाम होता, पण वैशाखात कुणाच्या कपाळावर घाम नसतो? "काय झालं अक्का?" "काही नही. हात उना." मी डबा उचलला. दोन मिनिटांत ती नेहमीसारखी चालायला लागली, उलट मलाच म्हणाली, "डबा नीट धर, इंजिनेर." मी इंजिनिअर नाही, हे तिला हजारदा सांगून झालं होतं.

घरी आल्यावर माझ्या मनात एक गोष्ट आली होती. ती मी इथे लिहितो, कारण ती न लिहिता हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. दांडा ती उजव्या हातानं फिरवायची आणि दुखायचा डावा. मी तिला तसं विचारलंही. ती म्हणाली, "डावानी कनिक दाबनी पडस ना." मला ते पटलं. विज्ञान शिकलेल्या माणसाला ते लगेच पटलं. एका बाजूला जोर लावायचा म्हणजे दुसऱ्या बाजूला... असं काहीतरी मी नानांना समजावूनही सांगितलं. चढावर चालताना ती कुठली कणीक दाबत होती, हे मला सुचलं नाही.

त्याच वर्षी तिनं एक दाढ काढून घेतली. हात आला की जबडाही ठणकायचा, म्हणून. दाताचे डॉक्टर म्हणाले, दाढ चांगली आहे, तुम्ही जनरल डॉक्टरांना दाखवा. अक्का म्हणाली, काढाच. घरी येऊन ती दाढ तिनं नानांना दाखवली, कीड कुठे दिसते का म्हणून. नानांनी चष्मा लावून पाहिलं. दाढ पांढरी होती, मुळापर्यंत धड होती. "मंग दुखे कसाले?" असं तिनं स्वतःलाच विचारलं आणि दाढ परसात टाकून दिली. हे मला तिनं फोनवर हसत हसत सांगितलं आणि मीही हसलो...

त्या हिवाळ्यात मी ठरवलं, अक्काचा दांडा सोडवायचा. कारखान्यातल्या एका अनुभवी कामगारानं मदत केली. भंगारातली एक लहान मोटर, वेग कमी करायला गिअरपेटी, एक पट्टा. कणीक दाबायलाही हात लागू नये म्हणून मी सागाचा वजनदार दट्ट्या करून घेतला, तो वरून ठेवला की आपल्या भारानं गोळा खाली ढकलायचा. सुट्टीच्या चार रविवारी मी तेवढंच केलं. माघात रजा मिळेना म्हणून सगळं खोक्यात बांधून धुळ्याच्या बसनं पाठवून दिलं. गल्लीतल्या वायरमननं ते बसवलं.

चैत्रात गेलो तर अक्कानं मला दारातूनच ओढत खोलीत नेलं, बटण दाबलं आणि दोन्ही हात वर करून यंत्रासमोर उभी राहिली, पोरं 'बघा हात सोडून सायकल चालवतो' म्हणतात तशी. शेवया आपोआप येत होत्या. "देख! हात बठ्ठा मोकळा शे!" आणि खरंच तिचा हात त्या उन्हाळ्यात दुखला नाही. मंगलाताई म्हणाली, "रवीभाऊ, बायको केली तर तिलाही असंच काही बसवून द्या." मला वाटलं, मी उपकार फेडायला सुरुवात केली. आज कळतं की दांडा सुटल्यानं श्रम कमी झाले, आणि श्रम कमी झाले म्हणून जे आत होतं ते थोडे दिवस गप्प बसलं. पण आम्हाला वाटलं, दुखणं दांड्याचंच होतं. आता पुरावाच मिळाला होता. पुरावा मीच तयार केला होता.

मोटर आल्यावर काम वाढलं. पलीकडच्या गल्ल्यांतून रव्याचे डबे यायला लागले. अक्का कुणाला नाही म्हणत नसे. यंदा फाल्गुनात मी एक दिवस जाऊन आलो. ती खाटेवर बसून एका हातानं, उजव्या हातानं, मसाला कालवत होती. डावा हात मांडीवर ठेवलेला होता, झोपलेलं मूल ठेवावं तसा. मी विचारलं, "अक्का, हात?" "झकास शे. तुनी मोटर चालस ना!" असं म्हणाली आणि लगेच मंगलाताईला हाक मारली. "रवी, हिले बी दखाड, मोटर कशी चालू करानी, कशी बंद करानी. मी कोठे गावले गयी तं पोरेस्ना डबा अडकाले नको." अक्का शेवयांच्या दिवसांत कधी गावाला गेलेली मला आठवत नव्हती. पण मी मंगलाताईला बटण दाखवलं, पट्टा कसा तपासायचा ते दाखवलं. ती सगळं नीट शिकली. संध्याकाळच्या गाडीला मी निघालो तेव्हा अक्का मला दारापर्यंत सोडायला आली नाही. खाटेवरूनच म्हणाली, "जा आते, गाडी जाई." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच दारापर्यंत आली नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरात वर्षभर शेवया-पापड करत नाहीत, शेजारपाजारच्या बायका आणून देतात. त्या दिवशीही परातभर शेवया आल्या होत्या, आणि ज्या घरातून गल्लीभर शेवया जायच्या त्या घरात त्या कुठे ठेवायच्या हे नानांना सुचत नव्हतं. अक्का गेली त्या सकाळी यंत्राखालच्या चाळणीत नूडल्सची वीस-पंचवीस घरटी ओली होती. ती कुणी उचलली नव्हती. आता ती वाळून कडक झाली होती आणि कुठल्या आईनंही ती मागितली नव्हती. मी यंत्राजवळ बसलो होतो. मंगलाताई आत आली आणि म्हणाली, "रवीभाऊ, एक सांगू का? रागावू नका."

मग तिनं सांगितलं. होळीच्या आधीपासून अक्काचा हात पुन्हा दुखत होता. आधी चालताना, मग नुसतं बसल्या बसल्याही. "मी म्हटलं, अक्का, आता दांडा नाही, दाबायचं नाही, मग हात कशाला दुखतो? चला दवाखान्यात. तर म्हणाल्या, 'दवाखानामा गऊ तं नाना रवीले फोन करी. पोऱ्यानी इतली मेहनत करी मोटर बनाडी, त्याले वाटी ती कामनी नही.' माझ्याकडून शपथ घेतली हो त्यांनी, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून. मला काय माहीत, हाताचं दुखणं असं..." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आणि तुम्ही तसं लिहूनच दिलं होतं ना. त्या कागदावर."

"कोणत्या कागदावर?" मी विचारलं. मला खरंच आठवत नव्हतं.

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. बटणाच्या शेजारी खिळ्याला, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घातलेला एक कागद अडकवलेला होता. त्यावर पिठाचा थर होता, पण अक्षरांवरचं पीठ बोटानं पुसलेलं होतं. अक्का चौथीपर्यंत शिकलेली. फोनवर सांगितलेलं लक्षात राहत नाही, लिहून दे, असं ती म्हणाली होती, म्हणून मोटरच्या खोक्यात मी मोठ्या अक्षरांत एक पत्र ठेवलं होतं. मंगलाताई म्हणाली, बटण दाबायच्या आधी अक्का रोज ते एकदा वाचायची, शेवटपर्यंत. नाना ते मला देत होते. मी घेतलं नाही, तिथेच उभं राहून उतरवून घेतलं. ते असं आहे:

*ती. अक्कास रवीचा शिरसाष्टांग नमस्कार.*

*खोक्यात मोटर, पट्टा आणि दट्ट्या पाठवत आहे. वायरमनला सांग, आधी फळी भिंतीला पक्की बसव. बटण दाबण्यापूर्वी पदर खोचून घ्यावा आणि बांगड्या वर साराव्यात. ओल्या हातानं बटणाला हात लावू नये. कणीक नेहमीपेक्षा जरा सैल मळावी. दट्ट्या नुसता वर ठेवायचा, दाबायचा नाही. पट्ट्याचा वास आला तर लगेच बंद करावं आणि अर्धा तास थांबावं. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये.*

*अक्का, तू मला तीन वर्षं जेवू घातलंस. त्याच्यासमोर हे काहीच नाही. पण हे मी स्वतः केलं आहे, तुझ्या हातासाठी. आता दांडा नाही आणि दाबायचंही नाही, तेव्हा तुझा हात दुखायला कारणच उरलं नाही. तरीही दुखला तर माझी मोटर चुकली असं समज आणि मला कळव. मी येऊन ती काढून घेऊन जाईन आणि तुला जुना दांडा परत लावून देईन. पण तशी वेळ येणार नाही, याची मला पूर्ण खात्री आहे.*

*नानांना नमस्कार.*

*तुझा,*
*रवी*